रसिक, चाहते आणि हुल्लडबाज : निष्ठावंत चाहतावर्गाच्या माध्यमचित्रणाचे विवेचन

प्रस्तावना

नाटक, संगीत, चित्रपट आणि क्रीडा या क्षेत्रांतील कलावंतांवर व खेळाडूंवर जिवापाड प्रेम करणारा चाहतावर्ग हा आधुनिक समाजजीवनाचा एक ठळक घटक आहे. असे असले तरी या वर्गाविषयी समाजाचे जे मत बनते, ते त्याच्या प्रत्यक्ष सहवासातून क्वचितच बनते. बहुतांशी ते वृत्तपत्रे, दूरचित्रवाहिन्या, चित्रपट आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफिती यांच्याद्वारे घडते. हे चित्रण करणारी व्यक्ती बहुधा त्या वर्गाबाहेरची असते. ती काही तासांपुरती तेथे जाते, जे डोळ्यांत भरते ते टिपते आणि परत फिरते. चाहत्यांचे वर्षानुवर्षांचे नाते त्या काही तासांत मावत नाही. परिणामी वाचकापुढे येते ती चाहत्यांची ओळख नसून त्यांच्याविषयीची बाहेरच्यांची धारणा असते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. चाहत्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांमागे कोणता सामाजिक भेद दडलेला आहे? माध्यमांतील चाहत्यांच्या चित्रणाचे ठरावीक साचे कोणते? आणि या साच्यांचा प्रत्यक्ष जीवनावर काय परिणाम होतो? विवेचनासाठी मुख्यतः मालेगाव आणि सोलापूर जिल्हा येथील उदाहरणे घेतली असून आवश्यक तेथे शेजारील राज्यांतील घटनांचा आधार घेतला आहे.

संज्ञांचा विचार

इंग्रजीतील ‘फॅन’ हा शब्द ‘फनॅटिक’ या शब्दाचे संक्षिप्त रूप मानला जातो. त्याचे मूळ देवालय या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. देवळाशी एकनिष्ठ असलेला तो, असा आरंभीचा अर्थ पुढे ‘धर्मवेडा’ असा झाला. म्हणजे या शब्दाच्या पोटातच भक्ती आणि वेड या दोन्ही छटा आहेत. मराठीत याच भावनेसाठी एकाहून अधिक शब्द आहेत : रसिक, दर्दी, शौकीन, चाहता, भक्त, वेडा आणि हुल्लडबाज. यांपैकी कोणता शब्द कोणाच्या वाट्याला येतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

जोली जेन्सन या अमेरिकन अभ्यासिकेने १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या प्रश्नाची मूलगामी चर्चा केली आहे. चाहतेपणाकडे एक प्रकारची विकृती म्हणून पाहिले जाते, असे त्यांचे निरीक्षण आहे. ग्रंथसंग्राहक किंवा अभिजात संगीताचा जाणकार आणि लोकप्रिय गायकाचा चाहता यांच्या वर्तनात पुष्कळ साम्य असते. दोघेही वेळ व पैसा खर्च करतात, तपशील पाठ ठेवतात, वस्तू जमवतात आणि समानधर्मीयांच्या शोधात असतात. तरीही पहिल्याला व्यासंगी आणि दुसऱ्याला वेडा म्हटले जाते. हा भेद वर्तनापेक्षा वर्तन करणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून आणि आवडीच्या विषयाला असलेल्या प्रतिष्ठेवरून केला जातो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्याच वर्षी हेन्री जेन्किन्स यांचा दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चाहते हे निष्क्रिय ग्राहक नसून आवडत्या कलाकृतीतून स्वतःची नवी निर्मिती करणारे असतात, ही भूमिका त्यातून पुढे आली.

मराठी परंपरेतील रसिकता

हे प्रतिपादन मराठी सांस्कृतिक इतिहासाला लावून पाहता येते. बालगंधर्वांच्या काळातील संगीत नाटकांचे प्रयोग ‘वन्समोअर’च्या आग्रहामुळे पहाटेपर्यंत लांबत. एकच पद पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले जाई. बालगंधर्वांच्या रंगभूमीवरील वेशभूषेचे अनुकरण घराघरांतील स्त्रिया करीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, तेव्हा त्याच्या तिकिटांसाठी लोकांनी त्या काळी मोठी मानली जाणारी रक्कम मोजली. दोन्ही नटांचे चाहते परस्परांशी चुरस करीत. या सर्वांचा उल्लेख मराठी लेखनात आजही ‘रसिकांचे प्रेम’ असाच होतो.

पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाचेही उदाहरण घेता येईल. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालत असे. थंडीत शाली पांघरून, सतरंज्यांवर बसून पहाटेपर्यंत गाणे ऐकणारे श्रोते हा कौतुकाचा विषय होता व आहे. हे कौतुक योग्यच आहे. परंतु यंत्रमागावरील रात्रपाळी संपवून, न झोपता, सकाळच्या पहिल्या खेळाच्या रांगेत उभा राहणारा कामगारही आपली झोप कलेसाठीच देत असतो. त्याच्यासाठी मात्र ‘रसिक’ हा शब्द सहसा वापरला जात नाही. बालगंधर्वांच्या पदाला मिळालेला ‘वन्समोअर’ आणि तालुक्याच्या टॉकीजमध्ये गाणे पुन्हा लावण्यासाठी झालेला गलका यांत प्रेरणेचे साम्य आहे. भेद आहे तो आसनाच्या तिकीटदराचा आणि वर्णन करणाऱ्याच्या दृष्टीचा.

चित्रणाचे चार साचे

माध्यमांतील चाहत्यांच्या चित्रणाचे स्थूलमानाने चार साचे आढळतात.

पहिला साचा रोग्याचा. यात चाहतेपण हा एक आजार असतो आणि तो बरा करणे हे कथेचे प्रयोजन असते. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटात धर्मेंद्रच्या प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीला चित्रपटसृष्टीचे अंतरंग दाखवून भानावर आणले जाते. हा चित्रपट सहृदय आहे. नायिकेची तो टवाळी करीत नाही. तथापि, मुलीने ‘बरे’ व्हावे हे त्याने गृहीत धरले आहे. ‘फॅन’ (२०१६) या चित्रपटात तर चाहत्याचे प्रेम सूडात परिवर्तित होते. ‘गुड्डी’तील आजार येथे धोका बनला आहे.

दुसरा साचा टवाळीचा. नायकाच्या फलकाला दुधाचा अभिषेक, नायकाच्या नावे गोंदण, त्याच्या धाटणीचे केस अशी दृश्ये बातमीच्या शेवटी हलकेफुलके म्हणून दाखवली जातात. स्त्री चाहत्यांच्या बाबतीत हा साचा अधिक बोचरा होतो. १९६९ ते १९७१ या काळातील राजेश खन्ना यांच्या लोकप्रियतेविषयी रक्ताने लिहिलेल्या पत्रांच्या आख्यायिका सतत सांगितल्या जातात. परंतु त्या तरुणी कोण होत्या, काय शिकत होत्या, त्या काळातील घरांत त्यांना स्वतःची निवड बोलून दाखवण्याची अन्य कोणती संधी होती, हे प्रश्न त्या आख्यायिकांत उमटत नाहीत.

तिसरा साचा हुल्लडबाजाचा. येथे चाहता ही व्यक्ती न राहता ‘गर्दी’ होते. त्याला नाव, वय, व्यवसाय काहीच नसते. ‘बेभान’, ‘अनियंत्रित’, ‘उन्मादी’ ही विशेषणे मजकुरात ठरल्याप्रमाणे येतात.

चौथा साचा भाबड्या गरिबाचा. वरवर पाहता हा सहानुभूतीचा आहे. दारिद्र्यात पिचलेला माणूस पडद्यावरील स्वप्नात दुःख विसरतो, असे त्यात सांगितले जाते. या विधानात तथ्यांश असला तरी त्यामुळे चाहत्याच्या विवेकाला जागा उरत नाही. श्रीमंत माणूस चित्रपट पाहतो ते आवड म्हणून आणि गरीब पाहतो ते विसर पडावा म्हणून, हा निष्कर्ष पुराव्याविना काढला जातो.

मालेगाव : एकाच गावाची दोन चित्रे

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. येथे यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते आणि नवा हिंदी चित्रपटही बहुधा शुक्रवारीच प्रदर्शित होतो. कामगारवस्ती, सुट्टी आणि चित्रपट यांच्या या मेळातून तेथे चित्रपटप्रेमाची एक घट्ट परंपरा निर्माण झाली.

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या दिवशी, ‘टायगर ३’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात खेळ चालू असताना काही प्रेक्षकांनी सभागृहातच फटाके व अग्निबाण उडवले. प्रेक्षकांची पळापळ झाली. तिची चित्रफीत देशभर पसरली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी अभिनेते सलमान खान यांनी स्वतः व इतरांना धोक्यात न घालता चित्रपटाचा आनंद घेण्याचे आवाहन केले. हे कृत्य गंभीर होते, यात दुमत असू शकत नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला होता. बंद सभागृहातील आग म्हणजे काय, हे देशाने पाहिलेले आहे. तेव्हा या घटनेची बातमी होणे आवश्यकच होते.

विचारात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्या चित्रफितीत फटाके उडवणारे मूठभर होते आणि जीव मुठीत धरून पळणारे अनेक होते. पळणारेही चाहतेच होते. सणाच्या दिवशी तिकीट काढून ते आले होते. परंतु बहुतेक मथळ्यांत ‘चाहत्यांचा धुमाकूळ’ असे एकच कर्तृपद राहिले. ज्यांचा जीव धोक्यात आला तेही त्या कर्तृपदात आरोपी म्हणून सामावले गेले. साच्याचे दुष्परिणाम असे व्याकरणातून सुरू होतात.

याच गावाचे दुसरे चित्रही उपलब्ध आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट स्थानिक माणसे घेऊन, सुमारे ५० हजार रुपयांत तयार केला. सायकलीचा उपयोग कॅमेऱ्याच्या गाडीसारखा करणे, बैलगाडीची क्रेन करणे अशा युक्त्यांतून हे चित्रीकरण झाले. ‘शोले’ शेकडो वेळा पाहिलेल्या माणसांनी त्याचे विडंबन करण्याइतके त्याचे शास्त्र आत्मसात केले होते. जेन्किन्स यांनी अमेरिकेतील चाहत्यांविषयी जे म्हटले, त्याचे याहून चांगले भारतीय उदाहरण क्वचितच सापडेल.

या मंडळींच्या पुढील चित्रपटाच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. मालेगावच्या सुपरमॅनची भूमिका शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केली होती. पुढे २०११ मध्ये कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. याच हकिगतीवर रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२४ मध्ये महोत्सवात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला.

येथे एक बाब लक्षणीय आहे. २००६ आणि २००८ मधील बॉम्बस्फोटांमुळे त्या काळी मालेगावचे नाव राष्ट्रीय माध्यमांत केवळ स्फोट व तणाव यांच्याच संदर्भात येत होते. माहितीपटाची दिग्दर्शिकाही बाहेरचीच होती. तरीही तिच्या चित्रणात माणसांना नावे आहेत, विनोद त्यांच्यावर केलेला नसून त्यांनी केलेला आहे आणि त्यांचे आपसांतील मतभेदही दिसतात. यावरून ‘बाहेरचा माणूस चुकीचेच चित्रण करतो’ हा निष्कर्ष टिकत नाही. किती काळ थांबले, कोणाला विचारले आणि काय ऐकून घेतले, यांवर चित्रणाची गुणवत्ता अवलंबून असते.

सोलापूर जिल्हा आणि ‘सैराट’

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला ‘सैराट’ हा सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ एक यशस्वी चित्रपट नव्हता. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे आणि नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. चित्रीकरणही मुख्यतः करमाळा परिसरातले. या चित्रपटाने तोवरच्या मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचा विक्रम मोडला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपुरात प्रेक्षकांच्या मागणीवरून मध्यरात्री बारा व पहाटे तीन वाजताचे खेळ लावावे लागले. ठिकठिकाणी गाण्यांच्या वेळी प्रेक्षक खुर्च्यांमधल्या वाटेत येऊन नाचत, पडद्यावर नाणी उधळत.

शहरी माध्यमांनी या प्रतिसादाचे वर्णन प्रामुख्याने ‘याड’, ‘वेड’ या शब्दांत केले. ते चित्रपटातल्या बोलीशी जुळणारे असल्याने सहज स्वीकारलेही गेले. मात्र त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. ज्या चित्रपटाचा शेवट जातीच्या अहंकारातून झालेल्या हत्येने होतो आणि त्या क्षणी सभागृह निःशब्द होते, त्याचा प्रेक्षक केवळ बेभान होऊन नाचणारा कसा म्हणता येईल? पूर्वार्धात नाचणारा आणि शेवटी सुन्न होऊन बाहेर पडणारा प्रेक्षक एकच होता. कॅमेऱ्याने पहिले दृश्य टिपले, कारण ते दिसणारे होते. मौनाची चित्रफीत होत नाही.

चाहत्यांच्या प्रेमाची झळ कलावंताला बसते, हेही याच उदाहरणात दिसते. रिंकू राजगुरू त्या वेळी शाळकरी वयाची होती. लोकांच्या गर्दीमुळे तिला नियमित शाळेत जाणे अवघड झाले आणि २०१७ मध्ये तिने बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून दहावीची परीक्षा दिली. चाहत्यांना दोष द्यायचा तर तो येथे निश्चित देता येईल. परंतु एका अल्पवयीन मुलीच्या परीक्षेचे गुण हा राज्यभरच्या बातमीचा विषय कोणी केला, हाही प्रश्न त्याच न्यायाने विचारावा लागेल. चाहत्यांच्या अतिरेकावर टीका करणारी माध्यमे त्या अतिरेकाचा भागही असतात.

शब्द आणि जबाबदारी

‘हुल्लडबाज गर्दी’ हा साचा केवळ अपमानकारक असता, तर त्याकडे दुर्लक्षही करता आले असते. दुर्घटनेच्या प्रसंगी मात्र तो जबाबदारी कोणाकडे जाते हे ठरवतो. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहात ‘पुष्पा २’च्या विशेष खेळाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत एका महिलेचा मृत्यू झाला व तिचा मुलगा गंभीर जखमी झाला. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जणांचा बळी गेला. अशा घटनांच्या पहिल्या बातम्यांत ‘चाहत्यांचा उन्माद’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो.

वस्तुतः चेंगराचेंगरीत माणसे उन्मादाने मरत नाहीत. अरुंद जागेत क्षमतेपेक्षा अधिक लोक कोंडले गेले, की पुढच्यांवर मागच्यांचा भार येतो, छाती दबते आणि श्वास कोंडतो. मागच्यांना पुढे काय चालले आहे हे दिसत नसते. प्रवेशद्वारांची संख्या, प्रवेशिकांविषयीची स्पष्ट सूचना, पोलीस बंदोबस्त आणि बाहेर पडण्याचे मार्ग या गोष्टी आयोजक व प्रशासनाच्या हातात असतात. हैदराबादच्या प्रकरणात चित्रपटगृहाच्या व्यवस्थापनाशी संबंधित व्यक्तींना व प्रमुख अभिनेत्यालाही अटक झाली. बंगळुरूच्या घटनेनंतर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे निलंबन झाले आणि आयोजनातील त्रुटी चौकशीच्या केंद्रस्थानी आल्या. म्हणजे तपास जेथे पोहोचला, तेथे पहिला मथळा पोहोचला नव्हता. बळी पडलेल्यांनाच बळींचे कारण ठरवणारी भाषा त्या घरांतील दुःखात भर घालते आणि पुढच्या दुर्घटनेला वाव ठेवते.

दुसरीकडे, चाहत्यांच्या विधायक कार्याला मिळणारी जागा अल्प असते. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी निधन झाले. वडील राजकुमार यांच्याप्रमाणे त्यांचेही नेत्रदान करण्यात आले आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे संकल्प मोठ्या प्रमाणावर वाढले. राजकुमार यांच्या २००६ मधील निधनानंतरच्या बंगळुरूतील हिंसेची आठवण जितक्या सहजतेने निघते, तितक्या सहजतेने या नेत्रदानाची निघत नाही. दोन्ही कृती चाहत्यांच्याच होत. दोन्ही सांगितल्या, तरच चित्र पूर्ण होते.

असे का घडते?

या एकांगीपणामागे केवळ दुष्ट हेतू असतो असे मानणे योग्य ठरणार नाही. वृत्तव्यवसायाची काही अंगभूत कारणे आहेत. बातमीसाठी वेळ थोडा असतो. दृश्य माध्यमाला हालचाल आणि आवाज हवा असतो. स्थानिक बातमीदाराने पाठवलेल्या मजकुराला दूरच्या शहरातील कार्यालयात मथळा दिला जातो. चाहत्यांच्या वतीने बोलणारा अधिकृत प्रवक्ता नसतो. त्यामुळे चुकीच्या चित्रणाला उत्तर मिळत नाही. शिवाय चाहतेही कॅमेरा समोर आला, की त्याला अपेक्षित असलेले वर्तन करू लागतात आणि साचा अधिक पक्का होतो.

अभ्यासकही या दोषापासून मुक्त नाहीत. तमिळ व तेलुगू चाहत्यांविषयी एम. एस. एस. पांडियन, सारा डिकी आणि एस. व्ही. श्रीनिवास यांनी महत्त्वाचे लेखन केले. श्रीनिवास यांच्या विवेचनातून चाहता हा नायकाचा निमूट दास नसून नायकावर हक्क सांगणारा आणि अपेक्षाभंग झाल्यास जाब विचारणारा असतो, हे स्पष्ट होते. महाराष्ट्रातील चाहत्यांचा मराठीतून असा सविस्तर अभ्यास होण्यास पुष्कळ वाव आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, रसिक आणि हुल्लडबाज या शब्दांतील भेद अनेकदा वर्तनाचा नसून वर्गाचा असतो. दोन, चित्रणकर्ता बाहेरचा असणे हा दोष नाही. न थांबता, न विचारता निघून जाणे हा दोष आहे. तीन, धोकादायक कृत्याची निर्भीड नोंद झालीच पाहिजे, परंतु कृत्य करणारे आणि त्यात सापडलेले यांना एकाच शब्दात कोंबता कामा नये. चार, दुर्घटनेच्या बातमीत ‘उन्माद’ लिहिण्यापूर्वी दरवाजे किती होते, हे विचारले पाहिजे.

या दृष्टीने सोलापूर परिसराला विशेष महत्त्व आहे. शहरालगतच्या कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत २००६ मध्ये साकारली. त्याच गावातील रे नगर प्रकल्पातील १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, तेव्हा देशभरचे कॅमेरे तेथे आले. त्या दिवशीच्या बातम्यांत घरांची संख्या सर्वत्र आली. त्या घरांत मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू यांपैकी कोणत्या भाषेतली गाणी विडी वळताना ऐकली जातात, कोणाचे चित्र भिंतीवर लागते आणि का, हे विचारणे बातमीच्या कक्षेत बसत नव्हते. ते काम याच वसाहतींतून महाविद्यालयात येणारे विद्यार्थी करू शकतात. त्यांनी आपल्या आईला, आजीला, शेजाऱ्याला विचारून ही आवड लिहून ठेवली, तर चाहत्यांविषयी बोलणारा पुढचा आवाज बाहेरचा असणार नाही. आणि बाहेरून येणाऱ्याला निदान वाचण्यासाठी काही उपलब्ध असेल.